आधी कोकणस्थ, मग ग्रीक: रूपकुंडच्या हाडांवर विश्वास ठेवायचा का?

माझ्या मामाकडे एका जुन्या फाइलमध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं. बातमी अशी, की हिमालयातल्या रूपकुंड तलावाकाठी जे शेकडो सांगाडे सापडले, त्यांतल्या काहींचा डीएनए महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतो. मामा मूळचा चिपळूणकडचा, त्यामुळे "आपली माणसं तिथे गेली होती" हे त्याच्या मनात पक्कं बसलं आणि कात्रण फाइलमध्ये गेलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये रूपकुंडवरचा नवा शोधनिबंध आला आणि लगेच दोन आठवड्यांत गणपती. आरती झाल्यावर जेवताना मी उत्साहात सांगून टाकलं, की त्यातले चौदा जण तर पूर्व भूमध्य समुद्राकडचे निघाले, आजच्या क्रीट बेटावरच्या लोकांच्या जवळचे! मामाने मोदकावर तूप घेत विचारलं, "अगं, आधी कोकणस्थ म्हणालात, आता ग्रीक म्हणता. उद्या मंगळावरचे म्हणाल. तुमच्या शास्त्रावर माणसाने विश्वास ठेवायचा तरी कसा?"

सगळे हसले, मीही हसले. पण माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पुढे हाच प्रश्न मला परिसंवादांत, मुलाखतीत, रेल्वेत शेजारी बसलेल्या काकांकडून वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिला. हाडांवर काम करायचं ठरवत असाल तर तुम्हालाही भेटणार. म्हणून आज रूपकुंडचीच गोष्ट नीट उलगडून बघू. मला यातून कळलेली गोष्ट एवढीच आहे: कोणत्या पुराव्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं, हे वेगळं करून सांगितलं की "तुम्ही सारखं बदलता" या आक्षेपाचं अर्धं उत्तर मिळतं. उरलेल्या अर्ध्यात चूक आपलीच असते आणि ती कबूल करावी लागते.

तलाव आणि त्याच्या गोष्टी

रूपकुंड उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूल पर्वताच्या कुशीत, ५,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तलाव म्हणायचं, पण व्यास जेमतेम ४० मीटर. वर्षातला बराच काळ तो गोठलेला असतो. बर्फ वितळलं की काठावर आणि पाण्यात माणसांची हाडं दिसतात. १९४२ मध्ये वनखात्यातले एच. के. मधवाल तिथे पोहोचले आणि या हाडांची बातमी बाहेर आली.

तेव्हापासून तर्कांना तोटा नाही. युद्धाचा काळ होता, म्हणून आधी जपानी सैनिक असतील असं वाटलं. मग कुणी म्हणालं, १८४१ मध्ये तिबेटवर चालून गेलेल्या जनरल जोरावरसिंहाच्या सैन्यातले लोक असतील. कुणी मुहम्मद तुघलकाच्या फसलेल्या हिमालय मोहिमेशी संबंध जोडला. लखनौ विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार यांनी १९५० च्या दशकात या हाडांचा अभ्यास केला. पुढे भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणानेही तिथली हाडं गोळा केली.

स्थानिक लोकांची गोष्ट मात्र या सगळ्याहून जुनी आहे. नंदादेवीची राजजात ही मोठी यात्रा साधारण बारा वर्षांनी याच वाटेने जाते. त्या भागातल्या लोकगीतांत एक राजा येतो, कनौजचा जसधवल. राणी आणि लवाजमा घेऊन तो यात्रेला निघाला, वाटेत नाचगाणं करून त्याने देवीचा अवमान केला, आणि देवीने आकाशातून लोखंडासारख्या गारांचा मारा करून सगळ्यांना संपवलं, अशी ती कथा. ही कथा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली मोठी गोष्ट

२००४ च्या सुमारास एका माहितीपटाच्या निमित्ताने शास्त्रज्ञांचं पथक तिथे गेलं. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. सुभाष वाळिंबे आणि डॉ. प्रमोद जोगळेकर होते. हैदराबादच्या सीसीएमबीने डीएनए पाहिला. ऑक्सफर्डमध्ये कार्बन-१४ ने कालमापन झालं आणि इसवी सन ८५० च्या आसपासचा काळ निघाला.

काही कवट्यांवर वरून गोल, बोथट वस्तूचा मार बसल्यासारख्या खाचा होत्या. तलवारीचे वार नव्हते. जखमा भरून आल्याच्या खुणाही नव्हत्या, म्हणजे मार मृत्यूच्या वेळचा. यावरून गारपिटीचा तर्क पुढे आला, आणि तो लोककथेशी इतका छान जुळला की सगळ्यांना पटला. डीएनएबाबत सांगितलं गेलं ते असं: एक गट उंच, एकमेकांशी नातं असलेल्या लोकांचा, त्यांच्यात कोकणस्थांमध्ये आढळणारी काही उत्परिवर्तनं, दुसरा गट बुटक्या लोकांचा, बहुधा स्थानिक हमाल.

बघा, चित्र किती पूर्ण झालं! नवव्या शतकात महाराष्ट्रातून एक मोठं कुटुंब यात्रेला निघालं, स्थानिक हमाल घेतले, गारपीट झाली, सगळे एकाच दिवशी गेले. मामाच्या कात्रणात हेच आहे.

आता संशोधकाच्या नजरेने या चित्राचे तुकडे करा. जखमांचा आकार हे निरीक्षण आहे. गारपीट हा त्यावरचा अन्वयार्थ. मोजक्या नमुन्यांचं वय हे मापन आहे. "सगळे त्याच वेळी मेले" हा त्यावरून शेकडो माणसांवर केलेला विस्तार. त्या काळी जुन्या हाडांतून प्रामुख्याने मायटोकाँड्रियल डीएनए वाचता यायचा. तो फक्त आईकडून येतो. दहा पिढ्या मागे जा, तुमचे १,०२४ पूर्वज होतात, त्यांपैकी हा डीएनए एकीचाच. तिच्याशी जुळणारी खूण आज एखाद्या जातीत सापडली, तर इतकंच कळतं की ती मातृरेषा त्या जातीतही पोहोचली आहे. ती आणखी कुठे कुठे आहे, हे तुम्ही तुलनेसाठी किती समाजांचे नमुने घेतलेत त्यावर ठरतं. शिवाय नवव्या शतकातल्या माणसाला आजच्या जातीचं नाव लावायचं का, हा इतिहासाचा प्रश्न वेगळाच.

म्हणजे प्रयोगशाळेतून आलेलं वाक्य लहान होतं. बातमीत पोहोचेपर्यंत ते मोठं झालं.

२०१९ मध्ये काय बदललं

दुसऱ्या वेळी काम मोठ्या प्रमाणावर झालं. सीसीएमबीमध्ये सत्तरेक सांगाड्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए वाचल्यावरच लक्षात आलं होतं, की भारतात नेहमी आढळणाऱ्या मातृरेषांबरोबर पश्चिम युरेशियाकडच्या वाटाव्यात अशा बऱ्याच रेषा इथे आहेत. मग सीसीएमबी, लखनौची बीरबल साहनी संस्था, हार्वर्ड, जर्मनीतली माक्स प्लांक संस्था, डेक्कन कॉलेज अशा अनेक संस्थांनी मिळून ३८ व्यक्तींचा संपूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर अभ्यास केला. जोगळेकर याही निबंधाचे सहलेखक आहेत. हे मी मुद्दाम सांगते. जुनं चित्र बदलणाऱ्यांत ते काढणाऱ्यांपैकीही एक जण होते.

निष्कर्ष थोडक्यात असे:

२३ व्यक्ती आजच्या दक्षिण आशियाई लोकांच्या जनुकीय परिघात बसतात. पण त्या एका समूहातल्या नाहीत, वेगवेगळ्या समाजांतल्या वाटतात. त्यांचा काळ साधारण सातवं ते दहावं शतक, आणि तारखा अशा पसरल्या आहेत की हे सगळे एकाच घटनेत मेले असं म्हणता येत नाही.

१४ व्यक्तींचा वंश पूर्व भूमध्य भागाकडचा, आजच्या क्रीट आणि ग्रीसच्या लोकांच्या सर्वांत जवळचा. त्यांचा काळ इसवी सन १८०० च्या आसपास. म्हणजे पहिल्या गटानंतर जवळजवळ हजार वर्षांनी!

एक व्यक्ती आग्नेय आशियाई वंशाची, तीही याच उत्तरकाळातली.

अभ्यासलेल्यांत स्त्रिया आणि पुरुष दोन्ही होते. कुणाचंही कुणाशी जवळचं रक्ताचं नातं सापडलं नाही. साथीच्या रोगाचे जंतू शोधले, तेही मिळाले नाहीत.

"हे तरी खरं कशावरून?"

मामाचा पुढचा प्रश्न साहजिकच हा होता. आणि शंका घ्यावी असाच हा निकाल आहे. पाच हजार मीटरवर, भूमध्य समुद्राकडच्या वंशाचे चौदा लोक? नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, हाताळणाऱ्याचा डीएनए मिसळला असेल, हे पहिलं मनात यायलाच हवं.

तपासायचं कसं, ते बघू. मृत्यूनंतर डीएनएचे तुकडे होत जातात. तुकड्यांच्या टोकांना एक ठरावीक झीज होते आणि वाचताना 'सी' या अक्षराच्या जागी 'टी' दिसू लागतो. परवा कुणी हाडाला हात लावला असेल तर त्याच्या डीएनएत ही झीज नसते. दुसरी तपासणी अशी: मायटोकाँड्रियल डीएनए एका माणसात जवळपास एकाच प्रकारचा असतो, आणि पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असतं. तिथे दोन प्रकारची अक्षरं मिसळलेली दिसली, की भेसळ पकडली जाते.

पण माझ्या मते सर्वांत भक्कम आधार डीएनएच्या बाहेरचा आहे, आणि तो आपल्याला जेवणाच्या ताटावरून समजतो. गहू, तांदूळ, जव या वनस्पती हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात. ज्वारी, बाजरी, नाचणी दुसऱ्या पद्धतीने. त्यामुळे कार्बन-१३ चं प्रमाण दोन्हींत वेगळं असतं. आपण जे खातो ते हाडातल्या कोलॅजनमध्ये उतरतं, आणि मांडीच्या हाडासारख्या हाडात मृत्यूआधीच्या दहा-वीस वर्षांच्या आहाराची सरासरी साठलेली असते. आयुष्यभर भाकरी खाल्लेल्या माणसाच्या हाडात ती भाकरी शेकडो वर्षांनीही ओळखू येते.

रूपकुंडच्या दक्षिण आशियाई गटात आहार मिश्र निघाला, काहींच्या खाण्यात भरड धान्य बऱ्यापैकी होतं. भूमध्य वंशाच्या गटात ते जवळजवळ नव्हतंच. आणि कार्बन-१४ ने जी दोन कालखंडांची विभागणी केली, तीसुद्धा याच दोन गटांवर बसली. वंश, आहार, काळ: तीन वेगळी मोजमापं, तीन वेगळ्या भौतिक प्रक्रिया, आणि तिन्हींनी हाडांची वाटणी तशीच केली. नुसती भेसळ झाली असती तर डीएनए बिघडला असता, पण त्याच हाडांतली बाजरी कशी गायब झाली असती?

याच पुराव्यावरून काही सुरस तर्कही बाद होतात. सिकंदराच्या सैनिकांचे वंशज असतील, असं अनेकांनी म्हटलं. पण दोन हजार वर्षं इथे राहिलेल्या समूहात स्थानिक लोकांशी मिश्रण दिसायला हवं, ते दिसत नाही. आणि काळ १८०० च्या आसपासचा आहे.

मात्र "ग्रीक" हा शब्दही जपून वापरायला हवा. वंश जवळचा आहे म्हणजे भाषा, धर्म, नागरिकत्व कळलं असं होत नाही. त्या काळी तो सगळा प्रदेश ऑटोमन साम्राज्यात होता. हे लोक कुठे जन्मले, स्वतःला काय म्हणवत, हिमालयात का आले, एकत्र आले का, यावर हाड गप्प आहे. १८०० च्या आगेमागे गढवाल-कुमाऊँवर गोरखा राज्य होतं, १८१५ नंतर इंग्रज आले. अशा प्रवाशांची नोंद एखाद्या दप्तरात असू शकते, पण रूपकुंडशी जोडता येईल असा कागद अजून कुणी पुढे ठेवलेला नाही. प्रयोगशाळेचं काम इथे संपतं आणि दप्तरखान्यातलं सुरू होतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, विषय मोकळा आहे!

तारखांबाबतही एक खाचखळगा सांगून ठेवते. "१८०० च्या आसपास" ही भाषा ढिली वाटते, पण तिला कारण आहे. कार्बन-१४ चं मापन थेट सालात मिळत नाही, ते वृक्षवलयांवरून बनवलेल्या वक्ररेषेवर बसवावं लागतं. साधारण १६५० ते १९५० या काळात ती रेषा इतकी वरखाली होते, की एकाच मापनाला दोन-तीन शतकांत अनेक ठिकाणं मिळतात. प्रबंधात तारीख लिहाल तेव्हा पूर्ण पल्ला द्या. मधलाच एक आकडा उचललात तर तुम्हीही कात्रण बनवताय.

शंका सगळ्या एकसारख्या नसतात

लोक शंका घेतात म्हणजे अडाणी आहेत, असा एक सूर आपल्या क्षेत्रात हळूच ऐकू येतो. मला तो पटत नाही. मला तीन प्रकारच्या शंका दिसतात.

पहिली तंत्राबद्दलची. भेसळ, अदलाबदल, नमुन्यांची संख्या. हिला वर दिलं तसं उत्तर देता येतं, आणि देणं आपलं कर्तव्य आहे.

दुसरी अन्वयार्थाबद्दलची. इथे लोकांची ओळख गुंतलेली असते. २०१९ मध्येच हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्याचा निबंध आला. साठाहून अधिक नमुने तपासले, वापरण्याजोगा डीएनए एकाच स्त्रीचा मिळाला. तिच्यात गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वंश आढळला नाही. एवढ्यावरून काही ठिकाणी "आर्य बाहेरून आलेच नाहीत" असे मथळे आले, तर काही ठिकाणी बरोबर उलटे. ती स्त्री हजारो वर्षं शांत होती, भांडण आपण आणलं. वाचक अशा वेळी दोन्ही बाजूंवरचा विश्वास काढून घेतो, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही.

तिसरी शंका अधिकाराबद्दलची: तुम्हाला आमच्या मृतांना हात लावायचा हक्क कुणी दिला? भारतात ही चर्चा अजून कमी होते, म्हणून अमेरिकेतलं उदाहरण देते. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला, केनेविक मॅन. तिथल्या मूळनिवासी जमाती म्हणाल्या, हा आमचा पूर्वज आहे, त्याला परत पुरू द्या. काही शास्त्रज्ञांनी कवटीच्या आकारावरून सांगितलं, हा मूळनिवासींसारखा दिसत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं चाललं. २०१५ मध्ये डीएनए वाचला तेव्हा तो आजच्या मूळनिवासी अमेरिकनांच्याच सर्वांत जवळचा निघाला. २०१७ मध्ये जमातींनी त्याचं दफन केलं. म्हणजे या प्रकरणात शंका घेणारे बरोबर होते, कवटी मोजणारे चुकले होते. आणि ते सिद्ध झालं हाडाच्याच अभ्यासातून. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मामाचा दुसरा प्रश्न

पुढच्या वर्षी मी मामाला हे सगळं नीट सांगितलं, कागदावर दोन गट काढून. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ठीक आहे. मग कवटीवरच्या त्या खाचा कुणाच्या? हजार वर्षांपूर्वीच्यांच्या, की दोनशे वर्षांपूर्वीच्यांच्या?"

मी गप्प झाले. कारण डीएनएसाठी घेतलेले नमुने बहुतेक हातापायांच्या लांब हाडांचे आणि थोडे दातांचे होते, कोलकात्यात मानववैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जपलेल्या संग्रहातले. जखमा होत्या कवट्यांवर. कोणती कवटी कोणत्या मांडीच्या हाडाची, हे रूपकुंडला सांगता येत नाही. दरडी कोसळतात, बर्फ हाडं सरकवतं, आणि त्यात भर म्हणजे वर्षानुवर्षं यात्रेकरूंनी आणि ट्रेकर्सनी हाडं उचलली, रचून ठेवली, फोटोसाठी मांडली, वस्तू घरी नेल्या. मूळ मांडणी गेली की ती कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. गारपिटीचा तर्क खोटा ठरलेला नाही. फक्त तो सगळ्यांच्या मृत्यूचं कारण राहिलेला नाही. नवव्या शतकाच्या आगेमागे यात्रेकरू तिथे मरण पावले असावेत, असं मानायला आधार आहे: त्या वाटेवरच्या मंदिरांतले आठव्या ते दहाव्या शतकातले लेख यात्रेच्या जुनेपणाकडे बोट दाखवतात. लोककथेत एखाद्या खऱ्या दुर्घटनेची आठवण असूही शकेल. पण ती कोणत्या हाडांची, हे आज बोट ठेवून सांगता येत नाही.

मी मामाला म्हटलं, "माहीत नाही, आणि का माहीत नाही ते सांगते." त्याला हे उत्तर आधीच्या सगळ्या उत्तरांपेक्षा जास्त पटलं, असं त्याच्या चेहऱ्यावरून तरी वाटलं.

तुमच्यासाठी एक सवय

संशोधन सुरू करताय तर वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात काय मोजलं, तेवढंच. दुसऱ्यात त्याचा अर्थ काय लावला, आणि दुसरा कोणता अर्थ लागू शकतो. तिसऱ्यात, काय सापडलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. कोकणस्थांची बातमी या रकान्यांत बसवून पाहा. पहिला रकाना आजही शाबूत आहे, मातृरेषेची खूण खूणच राहते. पडला तो दुसरा रकाना, कारण तिसरा कुणी भरलाच नव्हता.

आणखी एक. हाडाला भोक पाडून काढलेली पूड परत हाड होत नाही. जुना मानवी अवशेष हा संपणारा पुरावा आहे, आणि तो एका माणसाचा देह आहे. म्हणून नमुना मागण्याआधी स्वतःला विचारा, माझा प्रश्न इतका नेमका आहे का, की त्यासाठी हे हाड खर्च करावं? नसेल तर थांबा. पुढची पिढी कदाचित कमी पुडीत जास्त वाचेल.

मामाने कात्रण फेकलेलं नाही. फेकूही नये, असं मीच त्याला सांगितलं. २०१९ च्या निबंधाची प्रत त्याने मागून घेतली आणि त्याच फाइलमध्ये कात्रणाच्या मागे लावली. वर पेन्सिलने लिहिलंय, "कवट्या बाकी".

पुढच्या लेखात कार्बन-१४ ची ती वरखाली होणारी रेषा जरा निवांत बघू. तोवर तुमच्या घरच्या मामाचे प्रश्न लिहून ठेवा, प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात कामाला येतात.